पेशी विभागताना चोवीस तास बघायच्या आहेत, पण सहा तासांत मरतात. मदत हवी

रानजाई | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. माझ्या हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) एच२बी या हिस्टोन प्रथिनाला, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एकाला, जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं आहे. निळा लेझर टाकला की गुणसूत्रं हिरवी दिसतात. विभाजनाच्या वेळी ती मधोमध रांगेत येतात आणि मग दोन बाजूंना ओढली जातात. केंद्रकाचं आवरण फुटल्यापासून गुणसूत्रं वेगळी होईपर्यंत किती मिनिटं लागतात, एवढंच मला मोजायचं आहे. नंतर हेच एका औषधासोबत करून बघायचं आहे.

कॉन्फोकल (लेझरने पेशीचे एकेक पातळ काप टिपणारा मायक्रोस्कोप), ६३ एक्सचं तेलाचं ऑब्जेक्टिव्ह म्हणजे भिंग, ४८८ नॅनोमीटरचा लेझर. दर ३ मिनिटांनी १ मायक्रॉनच्या अंतराने १५ काप. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. काचेच्या तळाची डिश.

पहिले दोन-तीन तास चित्र इतकं सुंदर येतं की डोळे हटत नाहीत. मग विभाजनात शिरलेल्या पेशी तिथेच अडकतात, गुणसूत्रं रांगेत येऊन तशीच थांबतात. सहाव्या-सातव्या तासाला पेशींना फोड येतात आणि सगळं संपतं. हे तीनदा झालं. औषध अजून घातलेलंही नाही. आमच्या सरांना वाटतं की मायक्रोस्कोपवरचं चेंबर नीट तापत नाही. गुरुवारी रात्री पुन्हा मशीन मिळणार आहे, त्यानंतर महिनाभर नाही. कुणाला काही सुचतंय का?


तेलभिंग | मंगळवार, सकाळी ७.१५

मी गेली एकोणीस वर्षं मायक्रोस्कोप चालवतो आणि दुसऱ्यांना चालवायला शिकवतो. चेंबर उघडण्याआधी एक गोष्ट करा. तीच डिश घ्या आणि जिथे इमेजिंग झालं नाही तिथल्या पेशी साध्या प्रकाशात बघा. डिशभर पेशी मेल्या असतील तर तापमान, वायू किंवा मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) यांपैकी कशात तरी दोष आहे. फक्त तुमच्या चौकटीतल्याच मेल्या असतील तर दोष प्रकाशाचा.

शेवटची डिश टाकून दिली नसेल तर आजच बघा.


रानजाई | मंगळवार, दुपारी १.०५

डिश इनक्युबेटरमध्येच होती. आत्ता बघून आले.

तेलभिंगकाका, डिशच्या बाकी सगळ्या भागात पेशी मजेत आहेत, बऱ्याच दाटल्यासुद्धा आहेत. आणि मधोमध एक रिकामा चौकोन आहे. कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. लेझर जेवढ्या भागावर फिरला तेवढाच.

मला रडू आलं, खरं सांगते. तीन वेळा मीच मारल्या त्या.


तेलभिंग | मंगळवार, रात्री ९.३०

ताई, तो चौकोन मी कित्येक डिशांमध्ये बघितलाय. तुम्हाला तो पहिल्याच प्रश्नाला सापडला हे चांगलं झालं. आता सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी बहुतेक जण अडकतात.

निळ्या प्रकाशाने जीएफपी उत्तेजित होतं आणि बहुतेक वेळा ती ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या रूपात परत देतं. पण दर वेळी नाही. काही रेणू त्या उत्तेजित अवस्थेत जास्त वेळ रेंगाळतात, ऑक्सिजनशी त्यांची गाठ पडते आणि त्यातून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं तयार होतात. ती चरबीची पटलं, प्रथिनं, डीएनए सगळ्याला चावतात. जीएफपीचा रंगकण प्रथिनाच्या पिंपासारख्या आवरणात बंद असतो म्हणून ते त्यातल्या त्यात सौम्य. पण पेशीत स्वतःची फ्लेव्हिनं (प्रकाश शोषणारे रेणू) असतात आणि निळा प्रकाश त्यांनाही चाळवतो. रंग उडणं, ज्याला आपण ब्लीच होणं म्हणतो, ते दिसतं. पेशीला झालेली इजा दिसत नाही, आणि बहुतेकदा ती रंग उडायच्या बरीच आधी होते. 'माझा सिग्नल अजून छान आहे, म्हणजे पेशी ठीक आहे' असं म्हणून लोक फसतात ते इथे.

आता तुमचा हिशोब मांडू. दर ३ मिनिटांनी म्हणजे तासाला २० वेळा. प्रत्येक वेळी १५ काप. तासाला ३०० उजेड. सहा तासांत १८००.

यात एक मेख आहे. कॉन्फोकलमध्ये पिनहोल म्हणजे बारीक भोक असतं ते परतीच्या वाटेवर. त्या एका कापाबाहेरचा प्रकाश ते डिटेक्टरपर्यंत पोहोचू देत नाही. पण जाताना लेझर पेशीच्या पूर्ण जाडीतून जातो, शंकूसारखा वर आणि खाली पसरत. तुम्ही एक काप घेता तेव्हा पूर्ण पेशी भाजते. १५ काप म्हणजे तीच पेशी १५ वेळा. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ साली या रचनेचं पेटंट मागितलं. स्थिर, रंगवलेल्या नमुन्यासाठी ती अप्रतिमच आहे. जिवंत पेशीसाठी तिचा हा खर्च लक्षात ठेवावाच लागतो.

तुमच्या प्रश्नाला १५ काप लागतात का? विभागणारी पेशी गोल होऊन उठते, साधारण १५ ते २० मायक्रॉन उंच. पण तुम्हाला गुणसूत्रांची पट्टी दोन झाली की नाही एवढंच बघायचंय. ३ मायक्रॉनच्या अंतराने ५ काप घ्या. दर ५ मिनिटांनी. तासाला १२ गुणिले ५, म्हणजे ६० उजेड. पाचपट घट इथेच झाली. आता लेझरची ताकद निम्मी करा: दहापट. पिनहोल थोडं उघडा, म्हणजे परत येणारा जास्त प्रकाश पकडता येईल. चित्र ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल ठेवा, चार-चार वेळा सरासरी घेणं बंद करा.

तुमच्याकडे स्पिनिंग डिस्क असेल तर तिथेच जा. फिरत्या तबकडीवर हजारो भोकं असतात, एकाच वेळी अनेक ठिकाणी मंद प्रकाश पडतो आणि चित्र कॅमेरा घेतो. तबकडीची कल्पना पॉल निपकोव्हची, १८८४ सालची, ती टेलिव्हिजनसाठी होती. कॅमेऱ्यावर पोहोचलेला प्रकाश फार कमी वाया जातो. कॉन्फोकलमधल्या पारंपरिक डिटेक्टरांमध्ये बराच वाया जातो.


करडी_छटा | मंगळवार, रात्री १०.५०

तेलभिंग यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. वाचनखूण साठवली.

रानजाई, मीडियम कोणतं आहे? नेहमीच्या डीएमईएम मीडियममध्ये फिनॉल रेड हा सामू दाखवणारा रंग असतो, त्याने पार्श्वभूमी उजळते आणि तो उजेड कापायला तुम्ही लेझर वाढवता. शिवाय त्यात रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) असतं. ते निळ्या प्रकाशात स्वतः हिरवं चमकतं, आणि त्याच्यामुळे जीएफपीचा रंगही लवकर उडतो. सामू स्थिर ठेवणारा हेपीस बफर असेल तर आणखी एक त्रास: रायबोफ्लेविन आणि हेपीस एकत्र असताना प्रकाश पडला की मीडियममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. इमेजिंगपुरतं फिनॉल रेड नसलेलं, कमी रायबोफ्लेविनचं मीडियम घ्या. सीरम (पेशींचं पोषण करणारा रक्ताचा द्रव भाग) मात्र काढू नका.


रानजाई | बुधवार, सकाळी ८.२०

हेपीस आहे! फिनॉल रेडसुद्धा. चेंबरमध्ये सामू नीट राहावा म्हणून मुद्दाम घातलं होतं. आजच बदलते.

एक भीती आहे. लेझर इतका कमी केला तर चित्र दाणेदार येईल. लॅब मीटिंगमध्ये दाखवताना सर म्हणतील, हे काय आणलंस.


उंबरठा | बुधवार, दुपारी ३.४५

रानजाई, तुझा शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी सध्या जर्मनीत पोस्टडॉक आहे, झेब्राफिशच्या भ्रूणांवर काम करते. पण पीएचडी तुझ्यासारखीच होती, पेशी आणि विभाजन.

माझ्याकडे एक प्रथिन होतं, ते पेशीतून कमी केलं की विभाजनाला दुप्पट वेळ लागत होता. दोन वर्षं मी त्यावर घालवली. पोस्टर केलं, त्याला बक्षीस मिळालं, आईने ते फ्रेम केलं. मग एका परिसंवादात मागच्या बाकावरच्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "लेझर न टाकता याच पेशींना किती वेळ लागतो?" मी कधी मोजलंच नव्हतं. घरी येऊन मोजलं, नुसत्या साध्या प्रकाशात, फेज कॉन्ट्रास्टवर. उशीर नव्हता. ज्या पेशींत प्रथिन कमी केलं होतं त्या थोड्या मंद चमकायच्या, म्हणून मी त्यांच्यासाठी लेझर वाढवत होते. माझा परिणाम म्हणजे माझ्याच प्रकाशाचा परिणाम होता. ते काम कधी छापलं नाही. त्या बाईंचे मी आजही मनातून आभार मानते, कारण छापलं गेलं असतं तर कुणीतरी त्यावर पुढची इमारत उभी केली असती.

तुझं औषध विभाजन लांबवतं असा तुझा अंदाज असेल तर हे तुला तंतोतंत लागू आहे. अडकलेलं विभाजन हे प्रकाशाच्या इजेचं पहिलं लक्षण असतं. म्हणून गुरुवारी दोन भाग ठेव. एका भागावर लेझर. दुसऱ्यावर फक्त साधा प्रकाश, त्यात लाल फिल्टर टाकून, तेवढ्याच मिनिटांनी. दोन्हीकडे विभाजनाचा वेळ मोज. आणि औषधाच्या डिशसाठी लेझरला बोटसुद्धा लावू नकोस, सेटिंग तंतोतंत तेच.

चित्र दाणेदार आलं तर येऊ दे. सरांना त्या चौकोनाचा फोटो आधी दाखव.


जुना_मास्तर | बुधवार, सायंकाळी ६.१०

मी वेंगुर्ल्याचा, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. या यंत्रांतलं मला काही कळत नाही, पण हा धागा श्वास रोखून वाचतोय. एक विचारू का? आमच्याकडे काही दिवस रात्री समुद्राची लाट फुटताना निळी चमकते. पावसाळ्याआधी काजवे असतात. ते आणि हे जीएफपी एकच का?


करडी_छटा | बुधवार, रात्री ८.००

मास्तर, फार छान विचारलंत. एक नाही, पण दोघांची गाठ एकाच प्राण्यात पडते.

काजवा आणि तुमची लाट यांचा प्रकाश रासायनिक असतो. शरीरात अभिक्रिया होते आणि त्यातून उजेड निघतो, बाहेरून काही टाकावं लागत नाही. प्रतिदीप्ती म्हणजे फ्लुरोसन्स वेगळा. तिथे आधी प्रकाश द्यावा लागतो, मग पदार्थ जास्त तरंगलांबीचा, कमी ऊर्जेचा प्रकाश परत देतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली क्विनाइनच्या द्रावणावर हे तपासलं आणि फ्लोरस्पार या खनिजावरून त्याला नाव दिलं. टॉनिक वॉटरची बाटली अतिनील दिव्याखाली धरून बघा, त्यातलं क्विनाइन निळं चमकतं. मुलांना दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही.

आता तो प्राणी. एक्वोरिया व्हिक्टोरिया नावाची जेलीफिश. ओसामु शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला त्या गोळा करायचे, पुढे बायकामुलंही सोबत असायची. सगळ्या वर्षांत मिळून साडेआठ लाखांच्या घरात जेलीफिश. १९६२ साली त्यांनी तिच्यातून एक्वोरिन वेगळं केल्याचं छापलं. ते कॅल्शियम मिळालं की निळा प्रकाश देतं, म्हणजे तुमच्या काजव्याच्या जातीचं. पण जेलीफिश तर हिरवी चमकते! कारण शेजारी दुसरं प्रथिन असतं, ते ती निळी ऊर्जा घेतं आणि हिरवी देतं. तेच जीएफपी.

त्याचा जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये वेगळा केला. पुढे निधी मिळाला नाही, तेव्हा त्यांनी तो इतरांना देऊन टाकला. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये तो जिवाणूंत आणि एका इवल्याशा कृमीत घातला आणि ते हिरवे चमकले, जेलीफिशमधलं दुसरं काहीही न घालता. रॉजर त्सिएन यांनी त्याचे आणखी रंग आणि सुधारित रूपं केली. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. त्या वेळी प्रॅशर अलाबामात एका मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांची गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना स्टॉकहोमला सोबत नेलं. हे मी जितक्यांदा सांगते तितक्यांदा गळा भरून येतो.

रानजाई, यातलं तुझ्या कामाचं असं: मूळ जीएफपीला सगळ्यात जास्त ३९५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश लागायचा. त्सिएन यांनी १९९५ मध्ये ६५व्या जागेवरचं सेरीन बदलून थ्रिओनीन केलं आणि त्याची भूक ४८८ च्या आसपास सरकली. निळा लेझर पेशीला जेवढा छळतो त्याहून जांभळा कितीतरी जास्त छळतो.


कातळफूल | बुधवार, रात्री ९.४०

मी वनस्पतींवर काम करतो, आमच्याकडे हरितद्रव्य स्वतःच लाल चमकतं, त्यामुळे लाल प्रथिनांचा प्रश्न वेगळाच. पण रानजाईला सुचवू का, टू-फोटॉन मायक्रोस्कोप का नाही वापरत? त्याने ब्लीच होत नाही म्हणतात. आणि जीएफपीऐवजी डीएनएला चिकटणारा हेक्स्ट घातला तर?


तेलभिंग | बुधवार, रात्री १०.१५

कातळफूलदादा, दोन्हीला माझा नकार.

टू-फोटॉनमध्ये दोन अवरक्त फोटॉन एकाच क्षणी शोषले जावे लागतात. मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये हे गणिताने मांडलं आणि डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी १९९० मध्ये मायक्रोस्कोपात आणलं. असं शोषण फक्त फोकसच्या बिंदूतच घडतं, वरखाली पेशी भाजत नाही, आणि अवरक्त प्रकाश ऊतीत खोल जातो. उंदराच्या मेंदूत शेकडो मायक्रॉन आत बघायचं तर त्याला तोड नाही. पण 'ब्लीच होत नाही' हे चूक आहे. फोकसच्या प्रतलात उलट जास्त होतं. रानजाईंच्या पेशी काचेवर एकाच थरात आहेत, भाजण्यापासून वाचवायला वरखाली फारसं काही नाहीच.

हेक्स्टला तर ३५० च्या आसपासचा अतिनील किंवा निदान ४०५ चा लेझर लागतो, आणि तो रंग बसलेला असतो थेट डीएनएवर. विभाजन बघायला निघालेल्या माणसाने ते करू नये. दूरच्या लालात चमकणारे डीएनएचे रंग आता मिळतात, सिलिकॉन ऱ्होडामिनवर बेतलेले, २०१५ पासून. लाल प्रकाश सौम्य असतो. पण तेही जास्त घातले तर पेशीचक्र थांबवतात, म्हणून आधी मात्रा तपासावी लागते. गुरुवारी नवा रंग आणू नका.


उंबरठा | गुरुवार, पहाटे २.२०

जाड नमुन्यासाठी लाइट-शीट मायक्रोस्कोपचाही उल्लेख व्हावा, कारण मी रोज तेच वापरते. प्रकाश बाजूने येतो, पातळ पानासारखा, आणि बघायचं काटकोनातून. त्यामुळे जो काप बघतोय तेवढाच उजळतो, बाकी भ्रूण अंधारात शांत वाढत राहतो. सिडेनटॉप्फ आणि झिग्मोंडी यांनी १९०३ मध्ये काचेतले सोन्याचे कण बघायला असं केलं होतं. भ्रूणांसाठी ते २००४ मध्ये हायडेलबर्गला पुन्हा उभं राहिलं. रानजाईच्या सपाट डिशला त्याची गरज नाही, पुढे ऑर्गनॉइड (अवयवासारखे वाढवलेले पेशींचे गोळे) करशील तेव्हा आठव.


तेलभिंग | गुरुवार, सकाळी ७.००

रानजाईताई, आज रात्रीसाठी शेवटचं.

चेंबर दुपारी चारलाच चालू करा. स्टेज, ऑब्जेक्टिव्ह, सगळं धातू तापून स्थिर व्हायला तास लागतात, तोवर फोकस सरकत राहतो. तेलाचं ऑब्जेक्टिव्ह काचेला टेकलेलं असतं आणि डिशमधली उष्णता शोषून घेतं, म्हणून त्याचा हीटर आहे का बघा. एसीचा झोत थेट यंत्रावर येत असेल तर दिशा बदला. फोकस धरून ठेवणारी सोय असेल तर ती चालू ठेवा.

डिशमधलं पाणी उडतं. चोवीस तासांत मीडियम आटलं की क्षार दाटतात आणि पेशी त्यानेही अडकतात. चेंबरमध्ये ओला टिश्यू ठेवा, मीडियम भरपूर घाला.

पेशी आदल्या दिवशी लावलेल्या असाव्यात. डिश चेंबरमध्ये ठेवून एक तास काहीही करू नका. त्या तासात जेवून या.

आणि जागा शोधताना डोळ्यांनी आयपीसमधून फ्लुरोसन्स बघत बसू नका. आपण 'चांगली पेशी' शोधत दिव्याखाली पाच मिनिटं घालवतो, तो प्रकाश त्या पेशीच्या खात्यात जमा होतो. साध्या प्रकाशात जागा निवडा.


जुना_मास्तर | गुरुवार, रात्री ८.३०

मुली, सगळं नीट होवो. आम्ही इथे वाट बघतोय.


रानजाई | शनिवार, दुपारी १२.५५

आज सकाळी साडेसहाला फाइल उघडली. चोवीस तास पूर्ण.

पेशी जिवंत आहेत. चौकोन नाही. डिश साध्या प्रकाशात फिरवून फिरवून बघितली, कुठे इमेजिंग केलं ते ओळखूच येत नाही.

सेटिंग लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडलं तर: स्पिनिंग डिस्क मिळाली नाही, कॉन्फोकलच. दर ५ मिनिटांनी, ३ मायक्रॉनचे ५ काप, लेझर आधीच्या साधारण एक तृतीयांश, पिनहोल दुप्पट, सरासरी नाही. फिनॉल रेड आणि हेपीस नसलेलं मीडियम, सीरम तेच. चेंबर चारला चालू केलं, डिश सातला ठेवली, आठला सुरुवात. शुक्रवारी रात्री आठला संपलं.

चित्र दाणेदार आहे. पण आवरण कधी फुटलं आणि गुणसूत्रं कधी वेगळी झाली हे नजरेने ठरवता येतं. बहुतेक पेशी तासाभराच्या आत मोकळ्या होतात. लाल फिल्टरवाल्या, लेझर न लागलेल्या भागातही तेवढाच वेळ. उंबरठाताई, हे मी सगळ्यात आधी मोजलं.

सरांना पहिल्यांदा चौकोनाचा फोटो दाखवला, मग ही फाइल. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मागच्या वर्षीच्या सगळ्या फाइल काढ, लेझर किती होता ते प्रत्येकीत बघू.

एक प्रश्न आहे. दाणे कमी करायला न्यूरल नेटवर्कवालं सॉफ्टवेअर वापरू का? लॅबमधला एक मुलगा म्हणतो की जादू होते.


करडी_छटा | शनिवार, दुपारी २.१५

अभिनंदन! मनापासून आनंद झाला.

सॉफ्टवेअर: दाखवायच्या चित्रासाठी वापर, मोजायच्या चित्रासाठी नको. ते ज्या पेशींवर शिकलंय तशाच पेशी त्याला सगळीकडे दिसतात. मागे पडलेलं एखादं गुणसूत्र ते दाणा समजून पुसून टाकू शकतं, आणि तुझ्या औषधात नेमकं तेच महत्त्वाचं निघू शकतं. मूळ फाइल जशीच्या तशी जप, दोन ठिकाणी. वापरलंस तर प्रबंधात स्पष्ट लिही. आणि फाइलचं नाव बदलून, कुठली औषधाची आणि कुठली नाही हे न कळता मोज. मोजायला शक्यतो दुसऱ्याला बसव.


रानजाई | शनिवार, दुपारी २.४०

हो, तसंच करते. धाकटी ज्युनिअर बसायला तयार आहे.

तेलभिंगकाका, पुढच्या महिन्यात औषधाची डिश आणि बिनऔषधाची डिश एकाच रात्री, चार कप्प्यांच्या काचेत लावू का? म्हणजे तापमान आणि लेझर दोघींना एकच राहील.


तेलभिंग | शनिवार, सायंकाळी ५.२०

लावा. दोन कप्पे औषधाचे, दोन बिनऔषधाचे, शेजारीशेजारी न ठेवता आलटून पालटून. प्रत्येक कप्प्यात एक जागा लेझरशिवाय ठेवा. पोझिशन जास्त झाल्या की तेल ऑब्जेक्टिव्हवरून ओढलं जातं आणि मध्यरात्री संपतं, म्हणून तेल नेहमीपेक्षा दाट वापरा किंवा पाण्याचं ऑब्जेक्टिव्ह मिळतंय का विचारा. आदल्या आठवड्यात एकदा रिकाम्या काचेवर रात्रभर चालवून बघा.